सूर्य मावळायच्या आत

मयताला जाताना लोक हार नेतात. शेजारधर्म म्हणून कोणी चहाची किटली नेतं. आमच्या इमारतीतले हसकेल आपटेकर, आमचे हसकेलकाका, शब्द घेऊन जायचे.

माझे वडील गेले त्या दिवशीची गोष्ट. वडील हॉलमध्ये चटईवर, आई त्यांच्या उशाशी, जिन्यात नातेवाइकांच्या चपलांचा ढीग. हसकेलकाका आले, खिशातली काळी टोपी डोक्यावर बसवली, माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसले आणि कानात म्हणाले, "सदा, खाली कोणीतरी विचारत होतं, मयत किती वाजता निघणार म्हणून. मयत. शब्द अरबी. आमच्या हिब्रूत मेत. आमच्या हिच्या, मोझेलच्या, माहेरच्या अरबीत मय्यित. तिघं भावंडं आहेत. घराणं बघ केवढं मोठं आहे. वडिलांना सोबत आहे."

याला सांत्वन म्हणायचं की काय म्हणायचं, मला कळेना. माझ्या मामांनी तर त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर उठून गेला असता. पण त्या दिवशी जो येईल तो मला धीर धर म्हणून सांगत होता, आणि त्यातलं मला आज काहीही आठवत नाही. हे आठवतं.

मग काका खिडकीकडे बघायला लागले. उन्हं समोरच्या गच्चीतल्या टाकीवर चढली होती. खाली तिरडी बांधायचं काम चालू होतं. अशा वेळी शेजाऱ्याने उठून आपल्या घरी जाणं बरं दिसत नाही, हे त्यांनाही समजत होतं. त्यामुळे बसल्या जागी त्यांची चुळबुळ चालली होती. शेवटी आईनेच मान वर केली.

"जावा भाऊ, दिस बुडतंय," ती म्हणाली. "आमी हाय इथं."

काका उठले आणि या वयात एकेक पायरी गाळत वरच्या मजल्यावर पळाले. लोकांना वाटलं, त्यांच्यात प्रेताजवळ थांबायची मनाई असेल. तसं काही नव्हतं. ते का पळाले हे मला आणि आईला माहीत होतं. तेच सांगायला बसलोय.

हसकेलकाका बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. वाडवडील आपटा गावाकडे तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावं त्यांना शनवार तेली म्हणायची. त्यांचे सगळे चुलते, मामा, मावश्या एकामागून एक इस्रायलला गेले. काका पनवेललाच राहिले. वीजखात्यात मीटर वाचायचं काम केलं आणि निवृत्त झाले. आयुष्यभर लोकांच्या जिन्याखाली मान वर करून आकडे वाचल्यामुळे त्यांची हनुवटी कायम जराशी वर आणि डोळे बारीक. तुमच्याशी बोलतानाही तुमच्या कपाळावरचं रीडिंग घेताहेत असं वाटायचं.

शब्दांचा नाद त्यांना जुनाच होता. हिब्रू त्यांना आजोबांनी शिकवली होती, प्रार्थनेपुरती. पण काकांनी तिचा उपयोग सोयरीक जुळवण्यासाठी केला. मराठीत शिरलेला एखादा अरबी शब्द सापडला की त्याचा हिब्रूतला भाऊ शोधायचा. सख्खा, चुलत की सावत्र, तेही ठरवायचं. "घराणं बघ" हे त्यांचं पालुपद. कोर्टातून हताश होऊन बाहेर पडलेल्या एका माणसाला त्यांनी रिक्षा स्टँडवर गाठलं होतं. तो बिचारा म्हणत होता, पुन्हा तारीखच दिली. काका म्हणाले, "तारीख म्हणजे मुळात चंद्र. आमच्याकडे चंद्राला यारेआख म्हणतात, घराणं बघ. कोर्टाने तुम्हाला चंद्र दिला." तो माणूस चालत पुढच्या स्टँडवर गेला.

माझं खाली चष्म्याचं दुकान आहे. ते उघडलं त्या दिवशी पेढा तोंडात टाकून त्यांनी मला सुनावलं होतं की दुकान म्हणजे त्यांच्या सिनेगॉगमधला आशीर्वाद द्यायचा ओटा, दुखान, तेव्हा त्यावर उभं राहून खोटं बोलायचं नाही. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरीने विचारलं, आपटेकर, तुमच्या फ्लॅटला वारस कोण लावायचा? काका उभे राहिले. "वारस. अरबीत वारिस. हिब्रूत योरेश. शब्द तीन आहेत, साहेब. माणूस एकही नाही." सभा हसली. काकाही हसले. मोझेलकाकू तेव्हा चांगल्या हिंडत्या-फिरत्या होत्या, बायकांच्या ओळीत बसलेल्या. त्या हसल्या नाहीत.

मोझेलकाकू भायखळ्याच्या. त्याही ज्यू, पण बगदादी. त्यांचे पूर्वज इराकमधून व्यापाराला आले आणि घरात आपली ज्यूंची अरबी बोलत राहिले. ही मंडळी कोकणातल्या ज्यूंना आपल्या पंगतीतले धरत नसत. गोऱ्या घरातली मुलगी मीटर वाचणाऱ्या सावळ्या हसकेलच्या मागे पनवेलला निघून गेली, तेव्हा तिच्या बापाने सदऱ्याचा गळा फाडला आणि घरात कोणी मेल्यावर बसतात तसा तो सात दिवस जमिनीवर बसला. मुलगी जिवंत असताना तिचं सुतक पाळलं. काकूंनी हे स्वतः कधी कोणाला सांगितलं नाही. आम्हाला काकांनीच सांगितलं. त्या दिवसापासून काकूंनी ती अरबी तोंडातून काढली नाही. पनवेलच्या बाजारात मासेवालीशी भांडण्याइतकी झकास मराठी शिकल्या आणि तेवढीच बोलल्या.

मग त्यांना पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू गेली आणि बरोबर मराठी गेली. हिंदी गेली, इंग्रजी गेली. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, लहानपणचं तेवढं राहतं. इतकी वर्षं दाबून ठेवलेली माहेरची अरबी तेवढी वर आली. आता घरात दोन माणसं, आणि एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही.

इथून काकांचा नाद हा नाद राहिला नाही. काकू काहीतरी म्हणायच्या, काका ते तोंडात धरून जिना उतरायचे आणि जो भेटेल त्याला विचारत सुटायचे. भाजीवाला, रिक्षावाला, बांधकामावरचा प्लंबर. कुठल्या शब्दाला कुठला भाऊ निघेल सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. 'मै' म्हणजे पाणी हे त्यांना लगेच कळलं, हिब्रूत मायिम. एकदा काकू डोळ्यावर हात ठेवून "एनी, एनी" करत होत्या. काका धापा टाकत दुकानात आले. "अयिन म्हणजे डोळा. तुमची ऐनक त्याच घराण्यातली. सदा, बॅटरी घेऊन वर चल." पापणीच्या आत केस उलटा वाढून टोचत होता. डॉक्टरांकडे नेलं, डोळा वाचला. काका आठवडाभर ताठ चालत होते.

पण एक शब्द काही केल्या सुटेना. 'अब्दालक'. काकांनी तोंड पुसलं, कूस बदलली, घास भरवला, की काकू त्यांच्याकडे बघून म्हणायच्या, अब्दालक. काका पाणी द्यायचे. पंखा लावायचे, बंद करायचे. बिस्कीट द्यायचे. काकू मान हलवायच्या आणि पुन्हा तेच.

मी म्हटलं, फोनला विचारू. विचारलं. काकूंची अरबी फोनला येत नव्हती. मी म्हटलं, तुमचे एवढे नातेवाईक आहेत इस्रायलमध्ये, तिथे इराकहून आलेले ज्यू रग्गड असतील, त्यांना विचारा. काका म्हणाले, "आणि शिवी निघाली तर?"

"शिवी कशी निघेल काका?"

"ज्या घरात मी चोर आहे त्या घराची भाषा आहे ती. मराठी होती तोवर तिने मला सांभाळून घेतलं. आता मराठी नाही. आता जे आतलं आहे तेच बाहेर येत असणार." त्यांनी माझ्या काउंटरवरची एक फ्रेम उचलली, उलटसुलट केली, ठेवली. "माझ्यापायी तिचं घर तिला मेलं. असेल शिवी. पण ती तिकडे अशदोदच्या नातेवाइकांना माझ्या आधी कळायला नको."

म्हणून ते त्या शब्दाचे तुकडे करून विचारत हिंडायचे. अख्खा शब्द कोणाला सांगायचे नाहीत. दोन वर्षं त्यांनी अशी काढली. दिवसभर बायको तोंडावर काहीतरी म्हणते आहे, आणि ते आपल्याला दिलेले शाप आहेत असं धरून हा माणूस तिला पेज भरवतो आहे. मला ते बघवत नसे.

एका दुपारी मी मोहल्ल्यात हाफिजसाहेबांचा नवा चष्मा पोचवायला निघालो, तर काका बरोबर आले. हाफिजसाहेब मदरशात अरबी शिकवून थकलेले, आता दारात खुर्ची टाकून बसायचे. असरची, दुपार कलल्यावरची नमाज आटोपून ते चष्मा घालून बघत होते. त्या दिवशी काकूंनी जेवण तोंडाबाहेर काढलं होतं आणि डॉक्टरांचा चेहरा काही बरा नव्हता. काकांनी एकदम विचारून टाकलं. अख्खा शब्द.

हाफिजसाहेबांनी तो दोनदा स्वतःशी म्हणून पाहिला. "ये हमारी किताबवाली अरबी नाही, हसकेलभाई. घरातली आहे, बायकांची. पण बदल तो बदल आहे. तुमची सरकारी बदली, बदली ड्रायव्हर, ते सगळं यातलंच. तुमच्या बदली मी, असं म्हणतायत भाभी. आई बच्चाला म्हणते ना, तेरी बला मुझपे. तुमच्यावर येईल ते माझ्यावर येवो. दुआ आहे."

मला वाटलं, काका रडतील. मीच रडायच्या बेतात होतो. काकांनी वर बघितलं, आकाशाकडे. मग माझं मनगट धरलं. "किती वाजले? सूर्य किती वाजता मावळतो? रिक्षा कर."

रिक्षात त्यांनी मला त्यांच्यातला नियम सांगितला. बायकोने नवस बोलला आणि तो नवऱ्याच्या कानावर आला, तर त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत नवरा तो मोडू शकतो. तीनदा म्हणायचं, मुफार लाख. म्हणजे, मोडला तुझा नवस. त्या दिवशी तो गप्प राहिला तर नवस पक्का.

"काका, हा नवस नाही. लाडाने म्हणतात तसं."

"धडधाकट बाई म्हणते तेव्हा लाड. ही मरणाच्या दारात बसून म्हणते आहे, सदा. देवाने हिशोबाला घेतलं म्हणजे?"

"मग दोन वर्षं ऐकताय की तुम्ही. मुदत केव्हाच संपली."

"ऐकलं कुठे? कानावर पडत होतं. ऐकलं आज, असरच्या नमाजेनंतर." आणि पुढे वाकून रिक्षावाल्याला म्हणाले, "भाऊ, मागून घे, शिवाजी चौकात अडकशील."

घरी आई काकूंजवळ बसली होती. काका चपलांसकट आत गेले, पलंगाशी गुडघे टेकले आणि घाम पुसायच्या आधी म्हणाले, "मुफार लाख, मुफार लाख, मुफार लाख." काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग चांगला हात उचलून त्यांच्या गालाला लावला आणि म्हणाल्या, "अब्दालक."

काकांनी कपाळावर हात मारला. पुन्हा तीनदा म्हणाले. काकूंनी पुन्हा म्हटलं. असं किती वेळ चाललं असेल. एकीकडे टाकीवरचं ऊन पिवळं पडत होतं आणि इथे नवरा-बायकोत मी आधी मरते, मी आधी मरतो म्हणून भांडण लागलं होतं.

"अवो भाऊ," आई म्हणाली, "ती ऐकाची नाय."

त्या दिवशी शेवटचा शब्द काकांचा झाला, तोही काकूंना डुलकी लागली म्हणून. पण त्यातून काकांना युक्ती सापडली. दिवसभर तिला काय म्हणायचं ते म्हणू द्यायचं. सूर्य अगदी मावळता मावळता मोडायचं, म्हणजे तिला पुन्हा बोलायला वेळच उरत नाही. त्यांचा दिवस सूर्यास्ताला संपतो, त्यामुळे रात्री बोलली तर ते उद्याच्या खात्यात. तेव्हापासून काका कुठेही असोत, उन्हं कलली की उठायचे. सिनेगॉगची मीटिंग असो, बँकेतली रांग असो, माझ्या वडिलांचं मयत असो. दारातून "मुफार लाख" ऐकू यायचं आणि आई म्हणायची, झाला भाऊंचा दिवाबत्तीचा टाइम.

मी त्यांना एकदा म्हटलं, त्यांना जे म्हणायचंय ते म्हणू द्या ना. त्यांचं प्रेम आहे ते. काका म्हणाले, "माझ्यापायी ती एकदा मेली आहे. तिच्या बापाने सुतक पाळलंय. दुसऱ्यांदा नाही मरू द्यायची."

काकूंच्या पाठीला जखमा व्हायला लागल्या. हवेची गादी हवी होती. ती कळंबोलीच्या एका दुकानात मिळाली, पण पोचवणारा माणूस आज-उद्या करत होता. काका कंटाळून दुपारी स्वतः निघाले. आई त्या दिवशी ओवे गावी भाचीकडे गेली होती, म्हणून दुकान बंद करून मी काकूंजवळ बसलो. "उन्हं कलायच्या आत येतो," काका म्हणाले.

लोखंडाच्या कॉइलचा एक ट्रेलर सर्कलवर आडवा झाला होता आणि कळंबोलीपासून इकडे काही हलत नव्हतं. काकांनी रिक्षा सोडली. गादीचं खोकं खांद्यावर घेऊन हायवेच्या कडेने चालत निघाले. ते दारात आले तेव्हा समोरच्या घरांतले दिवे लागून गेले होते. एका पायात चप्पल नव्हती. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि काही विचारलं नाही. पलंगाशी बसून हळू आवाजात तीनदा म्हणाले. काकू झोपल्या होत्या. आम्ही दोघांनी मिळून गादी फुगवली आणि त्यांना त्यावर घेतलं.

सकाळी काका चहा भरवायला गेले तेव्हा काकू संपल्या होत्या.

प्रार्थनेला लागतात तेवढी दहा पुरुषमाणसं पनवेलमध्ये भरेनात. अलिबागहून, ठाण्याहून माणसं येईपर्यंत दुपार झाली. मी दफनभूमीच्या भिंतीशी उभा होतो. आता काका मातीचा शब्द सांगतील, कबरेचा सांगतील, अशी मी वाट बघत होतो. सांगावा, असं मला फार वाटत होतं. काकांनी मूठभर माती टाकली आणि हात झाडले.

मग ते त्यांच्या रिवाजाप्रमाणे सात दिवस जमिनीवर बसले. फाटक्या गळ्याच्या सदऱ्यात. मी रोज जायचो. एका दुपारी आम्ही दोघेच होतो तेव्हा त्यांनी विचारलं. विचारणार हे मला ठाऊक होतं.

"सदा, त्या संध्याकाळी ती ते बोलली होती का?"

"नाही."

"नीट आठव. सूर्य मावळायच्या आधी."

"नाही काका. झोपून होत्या. दुपारपासून."

त्यांनी माझ्या कपाळाचं रीडिंग घेतलं. बराच वेळ घेतलं. "म्हणजे त्या दिवसाचा नवस नव्हताच," ते म्हणाले. "म्हणजे तिच्या आयुष्याच्या बदली मी जगत नाही."

"नाही काका."

"मी नव्हतो ना. म्हणून बोलली नसेल. कोणाला म्हणणार?" आणि तेव्हा ते रडले. काकूंना झटका आल्यापासून पहिल्यांदाच रडले असावेत. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसलो.

आता काका संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन बसतात. कोणाला घराणं सांगत नाहीत. गेल्या महिन्यात शेजारच्या इमारतीत मयत झालं, तिथेही रिकाम्या हाताने गेले आणि सगळं आटोपेपर्यंत थांबले. उन्हं उतरतात, बाजारातले दिवे लागतात, काका स्टुलावरच असतात. आई चहा घेऊन खाली येते. "भाऊ, दिस बुडला," ती सवयीने म्हणते. "बुडू दे वहिनी," काका म्हणतात, "आता घाई नाही."

मी तेव्हा काचा पुसत असतो. त्या संध्याकाळी टाकीवरचं ऊन पिवळं पडलं तेव्हा काकूंनी डोळे उघडले होते. आधी दाराकडे पाहिलं, बराच वेळ. मग माझ्याकडे. मी ओला रुमाल घेऊन त्यांचं तोंड पुसत होतो. त्यांनी चांगल्या हाताने माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, अब्दालक. स्पष्ट म्हणाल्या, माझ्याकडे बघून.

मी नवसबिवस मानत नाही. पण माझ्यासाठी बोललेलं ते मोडण्याचा अधिकार एकाच माणसाला होता, आणि तो रोज संध्याकाळी माझ्यासमोर स्टुलावर बसलेला असतो, आणि मी त्याला ते सांगू शकत नाही.